‘नाही’वर जगणारी देवी : बास्क मुलखातले सहा दिवस

दिवस पहिला : बिल्बाओ, दुरांगो

आधीच सांगते, माझ्या बाजूने तरी ही ट्रिप मजेसाठी नव्हती. तीन वर्षांपासून एक ऐतिहासिक कादंबरी लिहितेय. काळ १६०९, जागा स्पेन-फ्रान्स सीमेवरचं डोंगरातलं गाव, नायिका वरवर साधी शेतकरीण पण आतून जुन्या देवीची पुजारीण, मग चर्चला ते कळतं आणि तिला चेटकीण ठरवून जाळतात. चौदा प्रकरणं झाली आणि गाडी जी रुतली ती रुतलीच. ताई म्हणाली, जागा न बघता अजून किती दिवस लिहिणारेस, चल. ताई क्रिमिनल वकील. तिला देवी-चेटकिणींमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही, पण डोंगर आणि चीज म्हटल्यावर लगेच तयार झाली.

माझ्या कादंबरीचा पाया म्हणजे १९२१ मध्ये लंडनच्या एका इजिप्ततज्ज्ञ बाईंनी मांडलेली थिअरी, की युरोपात जाळलेल्या चेटकिणी म्हणजे ख्रिश्चन धर्माआधीच्या जुन्या पंथाचे लोक होते. इतिहासकारांनी ती कधीच मोडीत काढलीय हे मला माहीत होतं, पण कादंबरीला चालतं ना, असं मी स्वतःला समजावत होते. आणि बास्क मुलखात, म्हणजे याच सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भागात, तर खरोखरची देवी आहे. मारी. नाव ऐकून मरीआई आठवते, मलाही आठवली, पण दोघींचा काही संबंध नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपवते.

बिल्बाओला उतरून गाडी भाड्याने घेतली आणि दुरांगोला आलो. बाहेर सिरिमिरी चालू होती, म्हणजे तिथला तो बारीक पाऊस जो पडतोय हे कळत नाही पण अर्ध्या तासात जॅकेट ओलं असतं. मारी राहते तो आन्बोतोचा डोंगर खिडकीतून दिसतो म्हणून मुद्दाम ती खोली घेतलेली, दिसलं काय तर राखाडी भिंत. पेन्शनच्या, म्हणजे तिथल्या छोट्या लॉजच्या, मालकीणबाई म्हणाल्या, ढग बसलाय म्हणजे ती घरी आहे.

दिवस दुसरा : आन्बोतो

उर्किओलाच्या खिंडीत गाडी लावली. तिथे संत आंतोनिओचं मोठं देवस्थान आहे आणि बाहेर एक मोठा दगड, लग्न जमत नसेल तर त्याला फेऱ्या मारायच्या. ताईने लांबूनच नमस्कार केला, तिचा घटस्फोट झाल्याला सहा वर्षं झालीत आणि तिला रिस्क घ्यायची नव्हती.

आन्बोतोची उंची १३३१ मीटर, आकडा फार नाही, पण शेवटचा टप्पा उघड्या चुनखडीच्या धारेवरून आहे आणि ओल्या चुनखडीवर बूट साबण लावल्यासारखे सरकतात. वाटेत पोल-पोल नावाचा झरा लागतो, लोहयुक्त पाणी, दगड तांबडे पडलेत, चव गंजलेल्या खिळ्याची. पूर्वेकडच्या कड्यात मारीची गुहा. तिथे जायला दोर आणि अनुभव दोन्ही लागतं, आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे धारेवरून खाली वाकून बघितलं, ढग, कावळे, बस.

मारीबद्दल मी वाचलं खूप होतं पण त्या कड्यावर बसून आठवताना ते वेगळंच लागतं. सोन्याच्या कंगव्याने केस विंचरते. पाऊस, गारपीट, दुष्काळ तिच्या हातात. नवरा सुगार म्हणजे साप. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना आकाशातून आगीचा लोळ जातो. तिच्या गुहेत गेलात तर बसायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ज्या तोंडाने आत गेलात त्याच तोंडाने तसंच मागे मागे बाहेर यायचं, आणि तिच्याशी बोलताना ‘हि’ म्हणायचं. बास्क भाषेत ‘हि’ म्हणजे आपलं अगदी घरचं अगंतुगं. हे मला लगेच कळलं, देवीला अहो-जाहो आपण तरी कुठे करतो, सगळ्या आरत्या तू-तूच आहेत.

पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मारी खाते काय. ती जगते ‘नाही’वर. म्हणजे मेंढपाळाकडे शंभर मेंढ्या असतील आणि त्याने ऐंशीच आहेत म्हणून सांगितलं, तर लपवलेल्या वीस मारीच्या. जे तुमच्याकडे असून तुम्ही नाही म्हणता ते तिचं. मी हे ताईला सांगतच होते तेवढ्यात मागून आलेल्या एका पोराने विचारलं, खायला काही जास्तीचं आहे का, माझं संपलंय. ताई म्हणाली सॉरी, नाही. सॅकमध्ये बिस्किटांचे दोन पुडे होते. पुढच्या वळणावर तिने पाण्याची बाटली काढली आणि बाटलीबरोबर एक पुडा बाहेर आला आणि टप्पे खात थेट गुहेच्या दिशेने खाली गेला. मी हसून हसून बसकण मारली. ताईने पाच मिनिटांनी त्या पोराला गाठून दुसरा पुडा देऊन टाकला. मी श्रद्धाळू नाही, असं पण म्हणाली, कारण नसताना.

दिवस तिसरा : आतौन, मग झुगारामुर्डी

गाडीचाच दिवस, त्यामुळे थोडक्यात. वाटेत आतौनला थांबलो. मारीच्या या सगळ्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः एका माणसामुळे, होसे मिगेल दे बारांदिआरान, जन्म १८८९, मृत्यू १९९१, हे त्याचं गाव. गंमत म्हणजे तो स्वतः कॅथलिक पाद्री होता. आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून देवी, साप, राक्षस सगळं लिहून घेतलं. स्पेनच्या यादवी युद्धामुळे बरीच वर्षं सीमेपलीकडे परागंदा होऊन राहावं लागलं तरी थांबला नाही.

तिथे एक बास्क म्हण वहीत लिहून घेतली : ‘इसेना दुएन गुस्तिआ ओमेन दा’. ज्याला नाव आहे ते सगळं आहे म्हणे. यातलं ‘ओमेन’ म्हणजे शब्दशः आपलं ‘म्हणे’. मी पाहिलं नाही, लोक म्हणतात, असं सांगायला त्यांच्याकडेही एक छोटासा शब्द आहे! मला इतका आनंद झाला की पार्किंगमध्ये ताईला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, आम्ही त्याला ऐकीव पुरावा म्हणतो, कोर्टात चालत नाही.

संध्याकाळी झुगारामुर्डी. लिहायचं असं, गावात म्हणतात ‘सुगारामुर्दी’ आणि मी तीन वर्षं मनात चुकीचं नाव घोकत होते, यावरूनच काय ते ओळखा. जेमतेम दोन-अडीचशे वस्ती, पांढऱ्या भिंती, लाल खिडक्या, चारी बाजूंनी हिरवं. जवळजवळ प्रत्येक दारावर एक मोठं वाळलेलं काटेरी फूल ठोकलेलं. एगुस्किलोरे, म्हणजे सूर्यफूल, पण आपलं पिवळं नाही, हे जमिनीला चिकटून वाढणारं एक काटेरी झुडूप. आमच्या खोलीच्या दारावरचं मी जवळून बघितलं, मध्ये ताटलीएवढा तपकिरी गोल आणि त्यात दाट केसांसारखे तंतू, भोवती चंदेरी पाकळ्या, एका बाजूला कोळ्याचं जाळं. चेटकीण रात्री दाराशी आली की तिला आधी हे तंतू मोजावे लागतात, मोजता मोजता सकाळ होते आणि तिला पळावं लागतं. मी वीसपर्यंत मोजले आणि डोळे फिरले. चांगली युक्ती आहे.

दिवस चौथा : म्युझियम आणि गुहा

जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत २००७ पासून चेटकिणींचं म्युझियम आहे. मला वाटलेलं टोप्या आणि झाडू असतील. तसं नाहीये. एका खोलीत नावं आहेत, आणि मी तिथे उभी राहिले ती हललेच नाही, कारण अर्ध्या मारियाच. मारिया दे आर्बुरु, मारिया बाझ्तान, मारिया दे एचाचुते, मारिया दे सोसाया. ताई म्हणाली, तुझी मारी कुठेय यात? चेष्टेतच म्हणाली. पण खरंच, कुठेय?

घडलं ते असं. १६०८ च्या शेवटी मारिया दे शिमिल्देगी नावाची वीसेक वर्षांची मुलगी फ्रान्सच्या बाजूने, जिथे ती कामाला होती, गावात परत आली आणि सांगायला लागली की मी तिकडे चेटकिणींच्या मेळ्यात जायचे, आणि तुमच्या गावातल्या पण तिथे दिसल्या. तिने पहिलं नाव घेतलं मारिया दे युरेतेगियाचं. ही आधी नाही नाही म्हणाली, मग सगळ्यांनी धरल्यावर हो म्हणाली, आणि आपल्या मावशीचं नाव घेतलं. मग बाकीच्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबुली दिली, माफी मागितली, शेजाऱ्यांनी माफ केलं. आणि विषय मिटला! हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे वाचलं असेल पण डोक्यात शिरलं नव्हतं. गावाने गावात मिटवलेलं होतं.

पण बातमी लोग्रोन्यो शहरातल्या इन्क्विझिशनपर्यंत, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापर्यंत, गेली. १६०९ च्या जानेवारीत पहिल्या चार बायका नेल्या. त्यांच्यामागून गावातले सहा जण आपणहून निघाले, आजच्या रस्त्याने सुद्धा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि हे भर हिवाळ्यात, फक्त हे सांगायला की साहेब, आम्ही भीतीपोटी खोटं कबूल केलं, आम्ही चेटकिणी नाही. त्यात ऐंशीच्या घरातली ग्रासिआना दे बारेनेचेआ पण होती. सहाही जणांना तिथेच आत टाकलं. बहुतेकांना बास्कशिवाय भाषा येत नव्हती आणि न्यायाधीशांना बास्क येत नव्हती, मध्ये दुभाषी. ग्रासिआना तुरुंगातच मेली, आणि कागदोपत्री ती ठरली मेळ्याची राणी.

ताई भिंतीवरचं ते सगळं फार हळू वाचत होती. मग म्हणाली, स्वतः येऊन जबाब मागे घेतला आणि तरी अटक? मी म्हटलं हो. ती पुढे काही बोलली नाही, पण म्युझियममध्ये पुढचा तासभर ती माझ्यापुढे होती आणि मी मागे.

दुपारी गुहा, गावापासून चालत पाच-दहा मिनिटं. सोर्गिनेन लेसेआ, चेटकिणींची गुहा. खरं तर गुहा नाहीच, एका ओढ्याने चुनखडी कोरून आरपार केलेला शंभर-सव्वाशे मीटरचा बोगदा आहे, तोंडाशी तीन-चार मजली उंच. ओढ्याचं नाव इन्फेर्नुको एरेका, नरकाचा ओढा. नाव ऐकून अंगावर काटा यावा आणि बघायला गेलं तर घोट्याएवढं स्वच्छ पाणी, काठाला नेचे, आणि त्यात एक लहान मुलगा चप्पल सोडून ती वाहत कुठवर जाते बघत होता. छताला धुराने काळं झालेलं दिसलं आणि मी लगेच वही काढली, होमकुंड! देवीचा अग्नी! तर कळलं की दर ऑगस्टमध्ये गावजेवण असतं इथे, सिकिरो हाते, खुंटांवर लावून मेंढं भाजतात. वही आत ठेवली.

अकेलारे हा शब्द, म्हणजे चेटकिणींचा मेळा, जगभर गेला तो याच खटल्यातून. अकेर म्हणजे बोकड, लारे म्हणजे कुरण. म्हणजे बोकडाचं कुरण. आरोपात बोकड आहे, सैतान आहे, बेडूक आहेत, मंतरलेली मलमं आहेत, पण मारी नाही. कुठेच नाही. मी माझ्या चौदा प्रकरणांत जी देवी त्या गुहेत बसवली होती, तिचं नाव इन्क्विझिशनने विचारलं नाही आणि बायकांनीही घेतलं नाही. मारीच्या सेविकांना लोककथेत सोर्गिन म्हणतात आणि चेटकिणीलाही सोर्गिनच, एवढ्या एका शब्दाच्या धाग्यावर मी अख्खी पुजारीण लटकवली होती. ओढ्याकाठच्या दगडावर बसून ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू पण तेच केलंस. मी म्हटलं काय? म्हणाली, त्यांनी तिला सैतानाची बाई केली, तू देवीची केलीस, तिला कोणी विचारलं?

मला राग आला. रात्री जेवताना मी बोलले नाही तिच्याशी.

दिवस पाचवा : चालत फ्रान्समध्ये

झुगारामुर्डीहून पलीकडच्या ‘सारे’ नावाच्या गावापर्यंत जुनी पायवाट आहे, दगडांवर निळ्या घोड्याचं चित्र, इथल्या बुटक्या पोत्तोक घोड्याचं, ते बघत जायचं. सीमा कधी ओलांडली कळतच नाही. बारांदिआरान परागंदा असताना इथेच सारेला राहिला. ताईला सकाळी सॉरी म्हटलं, ती म्हणाली कशाबद्दल, म्हणजे विषय संपला.

या बाजूची कथा जास्त भयंकर आणि मी ती पटकन सांगते कारण मला अजूनही नीट सांगता येत नाही. १६०९ मध्ये राजा चौथा हेन्री याने बोर्दोचा न्यायाधीश पिएर दे लांक्र याला लाबूर प्रांतात पाठवलं, आणि चार महिन्यांत त्याने कितीतरी जणांना जाळलं, बहुतेक बायका, काही पाद्री पण. नंतर १६१२ मध्ये स्वतःच पुस्तक लिहून अभिमानाने छापलं. किनाऱ्यावरचे पुरुष त्या काळात न्यूफाउंडलंडला मासेमारीला गेलेले असायचे, महिनोन् महिने घरी फक्त बायका, घर-शेत-व्यवहार सगळं त्याच बघणार, आणि बायका इतक्या मोकळ्या फिरतात हेच दे लांक्रला खुपलेलं, त्याच्या लिखाणात ते लपत नाही. त्याच्याच भीतीने लोक पळून स्पेनच्या बाजूला आले आणि बरोबर गोष्टी घेऊन आले. शिमिल्देगी पण त्याच बाजूची गोष्ट घेऊन आलेली, त्याच्या आधी काही महिने. म्हणजे हवा आधीच तापलेली होती.

परत येताना पाऊस, चिखल, आणि माझ्या बुटाचा तळ उचकटला. शेवटचे दोन किलोमीटर केसाच्या रबरबँडने बांधून चालले.

दिवस सहावा : लोग्रोन्यो, आणि परत

एब्रो नदीवरचं मोठं, सपाट, उन्हाचं शहर. चार दिवस डोंगरात काढल्यावर उघडं आकाश बघून डोळे मिचकावले. जुन्या भागातून सान्तिआगोची पदयात्रा जाते, पाठीवर शिंपला लटकवलेले यात्रेकरू, बारमध्ये गर्दी. इथे ७ आणि ८ नोव्हेंबर १६१० ला तो जाहीर निवाडा झाला. तीस हजार लोक बघायला आले असं तेव्हाच्या लोकांनी लिहिलंय. पुढच्या वर्षी इथल्याच एका छापखान्याने त्याचा वृत्तांत छापला.

चेटूकाच्या आरोपाखाली एकतीस जण होते, त्यातले तेरा तोवर तुरुंगातच साथीने मेलेले. अकरा जणांना जाळायची शिक्षा, पैकी पाच आधीच मेलेले म्हणून त्यांचे पुतळे आणि हाडं जाळली. उरले सहा. चार बायका, दोन पुरुष, जिवंत. आणि हे सहा का? कारण हे सहा शेवटपर्यंत नाही म्हणाले. ज्यांनी कबूल केलं, हो मी उडत गेले, हो मी बोकडाला पुजलं, ते बहुतेक जाळण्यातून वाचले. जिच्यापासून गावात सुरुवात झाली ती मारिया दे युरेतेगिया कबुलीमुळे सुटली. मारिया दे आर्बुरु आणि मारिया बाझ्तान दोघी सत्तरीच्या आसपास, एकीचा मुलगा मठात, दुसरीचा पाद्री, मुलांवरही आरोप आणि शिक्षा, आया जाळल्या. त्यांनी हो म्हटलं नाही.

चौकात एका बाकावर बसून मी हे वहीत पुन्हा लिहून काढत होते आणि ताई सरबत पीत होती, आणि मला आन्बोतोवरचा तो पुडा आठवला. ‘नाही’वर जगणारी देवी. मेंढपाळाचं नाही खोटं असतं म्हणून मेंढ्या जातात. या बायकांचं नाही खरं होतं.

तीन न्यायाधीशांपैकी सगळ्यात नवा आलोन्सो दे सालाझार. एका बाईच्या बाबतीत त्याने पुरावा पुरेसा नाही म्हणून विरोधी मत दिलं, बाकी दोघांनी दाबलं. पण मग १६११ च्या मे महिन्यात त्यालाच माफीचा हुकूम घेऊन डोंगरात पाठवलं, आणि त्याने जे केलं ते ताईने माझ्याकडून तीनदा सांगून घेतलं. आठेक महिने गावोगाव फिरून १८०२ जणांचे जबाब घेतले, त्यातली १३८४ मुलं. नुसते घेतले नाहीत, तपासले. अमक्या रात्री अमक्या जागी मेळा झाला असं मुलांनी सांगितलं, तर त्याच रात्री त्याचे कारकून त्या जागी होते आणि तिथे काहीच झालेलं नव्हतं. मलमाची बावीस भांडी जमा झाली, जनावरांना खायला घातली, वैद्यांकडून बघून घेतली, काही नाही, लोकांनी दबावाखाली काहीतरी दाखवायला म्हणून बनवलेली. ८१ जणांनी कबुली मागे घेतली आणि यावेळी ती घेऊ दिली. त्याने वर लिहून पाठवलं त्याचा मथितार्थ असा की यांच्याबद्दल बोलायला आणि लिहायला लागेपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या ना चेटूक झालेले लोक.

“हा माणूस मला आवडला,” ताई म्हणाली. मी म्हटलं जास्त आवडून घेऊ नकोस, १६१० च्या निवाड्यावर त्याची पण सही आहे. १६१४ ला माद्रिदच्या वरिष्ठ मंडळाने त्याचं बरंचसं म्हणणं मान्य केलं, नवे नियम आले, आणि शिक्षा झालेल्यांची नावं लिहिलेले झगे त्यांच्या गावच्या चर्चमध्ये टांगायचे नाहीत असंही ठरलं. स्पेनच्या इन्क्विझिशनने चेटूकासाठी जाळणं तिथून जवळपास थांबलं. उरलेल्या युरोपात पुढे अजून शंभराहून जास्त वर्षं चालूच होतं.

संध्याकाळी परत दुरांगोकडे, विटोरियावरून उर्किओलाच्या खिंडीतून. ताई चालवत होती, मी मांडीवर लॅपटॉप उघडून चौदाव्या प्रकरणातला मंत्रांचा भाग डिलीट केला, मग तेराव्यातला, मग गुहेतली पूजा सगळीच. नायिका उरली ती सत्तरीची, दुभाष्यासमोर उभी, भाषा न कळणारी, आणि तिच्या तोंडी एकच शब्द. बास्कमध्ये नाहीला ‘एस’ म्हणतात. एवढासा शब्द आहे.

खिंडीत वर आलो तर आन्बोतोवर पुन्हा ढग.

“घरी आहे का गं ती?” ताईने विचारलं.

इथे सोर्गिनांबद्दल एक म्हण आहे, त्या आहेत असं मानू नये आणि नाहीत असं म्हणू नये. मी ताईला सांगितलं, समोर बघून चालव, वळण आहे.